‘तो आत्ताच चहाला गेलाय’: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

एप्रिलची पगारवाढ हातात पडली की मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो, सासवा-सुना मागे पडतात आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पुढे येतो. ह्या वेळी तीन पत्रं घेतलीत. पहिलं मोठं आहे पण मी फारसं कापलं नाहीये, कारण ते वाचताना मला माझीच जुनी खुर्ची आठवली.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ऐरोलीला राहते, वय ३१, बेलापूरला कस्टम्स क्लिअरिंगच्या एका ऑफिसात डॉक्युमेंटेशनला आहे, सहा वर्षं झाली. आमच्या टेबलाला दोघं, मी आणि एक जण, त्याला आपण बंडू म्हणू. पद सारखं, पगार जवळपास सारखा. काम म्हणजे पार्टीकडून (माल मागवणाऱ्याकडून) इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाजाची माल-पावती) आलं की चेकलिस्ट बनवायची, पार्टीचं ओके घ्यायचं आणि आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सचा फॉर्म, फाइल करायची. न्हावाशेवाला जहाज लागायच्या आदल्या दिवशीपर्यंत ती जायलाच पाहिजे, नाहीतर लेट फी, पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि त्यापुढे रोजचे १०,०००. म्हणजे ‘उद्या बघू’ हा शब्द आमच्या धंद्यात चालत नाही, बंडूचा मात्र त्याच्यावरच संसार चाललाय.

ऑफिस साडेनऊचं, हा सव्वादहाला येतो. आल्या आल्या टेबलावर चार फायली उघडून ठेवतो, चष्मा काढून त्यांच्यावर ठेवतो (म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे असं वाटावं) आणि खाली टपरीवर. कुणी विचारलं की मी सांगते, “तो आत्ताच चहाला गेलाय.” हे वाक्य मी इतक्या वेळा बोलते की परवा घरी मुलाने विचारलं बाबा कुठेत, तर माझ्या तोंडातून तेच निघालं. वर आला की मोबाईल. साहेबांच्या केबिनचं दार वाजलं की कीबोर्ड असा बडवतो की मलाच लाज वाटते. आणि माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही हो, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो, पावसाळ्यात सगळ्यांना गरम भजी आणतो, साहेबांच्या गावाकडचा आहे, त्यामुळे साहेबांचाही जीव आहे.

फेब्रुवारीत एका शनिवारी जहाज रविवारी लागणार होतं, जॉब (म्हणजे त्या मालाचं काम) त्याचा होता. दुपारी विचारलं तर “हो गं, करतो”. चारला विचारलं तर “पार्टीच्या ओकेला थांबलोय”. साडेपाचला बघते तर खुर्ची रिकामी, चष्मा पण नाही, म्हणजे खरंच गेला. रात्री अकराला मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ती फाइल केली, पार्टीचं ओके दुपारी सव्वाबारालाच येऊन पडलं होतं! सोमवारी साहेब म्हणाले, “तुमच्या टेबलाचं काम कसं एकदम टायमात असतं.” तुमच्या टेबलाचं! आणि एप्रिलमधे वाढ आली ती दोघांना सारखी. त्या दिवसापासून मला रात्री झोप लागत नाहीये.

नवरा म्हणतो तूपण करू नकोस. सासूबाई म्हणतात आपण आपलं काम करावं, देव बघतो. तक्रार करू का? की सोडून देऊ नोकरी? की मीच जास्त विचार करतेय?
— वैतागलेली, ऐरोली

उत्तर : अगं, आधी तो चष्म्याचा प्रकार वाचून मी मोठ्याने हसले, माफ कर. आमच्या वेळी लोक खुर्चीला स्वेटर अडकवून जायचे, तुर्भ्याच्या उन्हात, मे महिन्यात.

आता तुला माझी गोष्ट सांगते आणि ती वाचून तुला थोडा राग येईल, येऊ दे. मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती, ती सुरू झाली २००४ ला, आम्ही कंपनीच्या बसने कळव्यावरून जायचो. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसायचे, मस्टर आणि पीएफ हे त्यांचं काम, आणि ते काम मी करायचे. का करायचे? तर पीएफचं चलन १५ तारखेच्या आत भरायला लागतं, चौदाला संध्याकाळी त्यांचा कागद कोरा दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा, त्यांच्या यायचा नाही. तीन वर्षं मी असं ओढलं आणि घरी येऊन रोज त्यांच्या नावाने बोटं मोडली. मग १९९४ मधे माझं बाळंतपण आलं. रजा तेव्हा बारा आठवड्यांची होती, सव्वीस २०१७ पासून झाली, तुम्ही मुली नशीबवान. जाताना मला खात्री होती की आता हे डिपार्टमेंट बुडणार. बाळाला मांडीवर घेऊन मी तारखा मोजायचे, आज चौदा, आज पंधरा, आता फोन येईल, आता येईल. फोन आला नाही. परत गेले आणि पहिलं काय केलं असेल तर मस्टर उघडलं. तीन महिन्यांचं काम, त्यांच्या त्या बारीक किरट्या अक्षरात, एक खाडाखोड नाही, तिन्ही चलनं बारा-तेरा तारखेला भरलेली. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला इतका संताप आला की मी डबा न खाता घरी आणला.

म्हणजे चूक तुझी असं मी म्हणत नाहीये, नीट वाच. कामचुकारपणा त्याचा आहे, शंभर टक्के. पण तो त्याला फुकटात पडतोय, आणि त्याचं बिल तू भरतेयस, ओट्यावर, रात्री अकराला.

ह्याच्यावर बाहेर लोकांनी प्रयोग करून बघितलेत आणि मला ते फार आवडतात कारण ते रस्सीखेचीचे आहेत. मॅक्स रिंगेलमन नावाचा फ्रान्समधला शेतीकडचा इंजिनियर होता, त्याने माणसांना दोरी ओढायला लावली आणि बळ मोजलं, १९१३ मधे ते छापून आलं. एकटा माणूस जेवढं ओढतो त्याच्या आठपट आठ जणांनी ओढायला पाहिजे ना, तर नाही, आठ जण मिळून जेमतेम चौघांएवढं ओढत होते. कुणी म्हणेल ताल जमत नसेल, एक ‘हईशा’ म्हणतो तेव्हा दुसरा श्वास घेतो, आणि थोडं ते असतंच. म्हणून १९७४ मधे अमेरिकेत काहींनी खोडी केली, पुढच्या माणसाचे डोळे बांधले आणि मागे जी माणसं उभी केली ती ओढायचं नुसतं नाटक करत होती. म्हणजे ओढणारा खरं तर एकटाच, ताल चुकायचा प्रश्नच नाही, तरी मागे कुणीतरी आहे ह्या भरवशावर त्याने हात सैल सोडला. आणि मग १९८१ चा एक प्रयोग, ह्यात दोरी नाही, ओरडायचं होतं. सगळ्यांचा आवाज एकत्र मोजला जाणार म्हटल्यावर प्रत्येकाचा आवाज बसला, पण तुझा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर तीच माणसं घोळक्यात सुद्धा एकट्यासारखीच जीव तोडून ओरडली. ह्यातला कुणीही जन्मजात आळशी नव्हता बरं का, ओळीने उभी केलेली साधी माणसं होती.

आता तुझ्या साहेबांचं वाक्य परत वाच. “तुमच्या टेबलाचं काम.” त्यांना टेबल दिसतंय, तू दिसत नाहीयेस. बंडूला तेच हवंय आणि ते तूच जपतेयस, काम करून तर जपतेयसच, वर “चहाला गेलाय” म्हणून सुद्धा.

तर पहिली गोष्ट, ते वाक्य बंद. खोटं बोलायचं नाही, चुगलीही करायची नाही. “कुठे आहे माहीत नाही, फोन करून बघा.” बस. इतकं साधं आहे, पण पहिल्या दिवशी तुझी जीभ अडखळेल बघ.

दुसरी गोष्ट मोजायची. एक महिनाभर एका साध्या वहीत लिही, जॉब नंबर, जहाज कधी, चेकलिस्ट कुणी बनवली, फाइल कुणी केली, किती वाजता. विशेषणं लिहायची नाहीत, ‘नेहमीसारखा गायब’ वगैरे अजिबात नाही, ती वही उद्या साहेबांच्या हातात पडली तरी तुला लाज वाटता कामा नये. आणि हे स्वतःसाठी सुद्धा कर, कारण रागात आपलं गणित फुगतं. मला आठवतंय मी घरी सांगायचे की नव्वद टक्के काम मीच करते, नंतर हिशोब केला तर साठ-पासष्ट निघालं. पासष्ट पण अन्यायच आहे, पण नव्वद म्हणून भांडायला गेले असते तर पहिल्याच प्रश्नाला पडले असते.

मग बंडूशी बोल, साहेबांच्या आधी. ग्रुपवर नाही, पँट्रीत सगळ्यांसमोर नाही, ‘काही लोकांना काम नको पण भजी हवी’ असले टोमणे तर मुळीच नाही, टोमण्यावर असली माणसं पोसली जातात, हसून सोडून देतात आणि आपलीच शोभा होते. त्याच्याबरोबर एकदा तूच टपरीवर जा. कटिंग सांग आणि सरळ बोल, “फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मी रात्री अकराला तुझी बिल ऑफ एंट्री फाइल केली. पार्टीचं ओके सव्वाबाराला आलेलं होतं. ह्यापुढे तुझा जॉब मी उचलणार नाही, आणि अडलं तर मला दुपारी तीनच्या आत सांग, मी मदत करेन.” एवढंच. तू आळशी आहेस, तुला कळत नाही का, असं काही नाही. आळशी म्हटलं की माणूस दिवसभर आपण आळशी कसे नाही ते पटवत बसतो, सव्वाबारा म्हटलं की त्याला बोलायला काही राहत नाही. तो काय म्हणेल तेही सांगते, “अगं बोलायचंस ना आधी!” म्हणेल आणि चहाचे पैसे देईल. देऊ दे.

ह्या बोलण्यात एक कान उघडा ठेव मात्र. कधीकधी घरी काहीतरी चाललेलं असतं, कुणाचं आजारपण, कर्ज, आणि माणूस ऑफिसात नुसता बसून राहतो. तसं काही निघालं तर साहेबांना सांगून रजा घे म्हणावं, चार महिने सांभाळून घेऊ. पण सहा वर्षं कुणाला कारण पुरत नाही.

आता खरं अवघड. तू काम उचललं नाहीस की एक दिवस ते पडणार. इथे तुझा नवरा म्हणतो ते अर्धंच बरोबर आहे. “तूपण करू नकोस” हे बोलायला छान, पण जहाज उद्या लागणार, बिल ऑफ एंट्री गेलेली नाही आणि तू गंमत बघत बसलीस तर रोजचे ५,००० पार्टीच्या बोकांडी बसतात, बंडूच्या नाही, आणि उद्या चौकशी झाली तर तुलाही माहीत होतं हे निघणारच. म्हणून पडायच्या आधी बोलायचं. आदल्या दिवशी सकाळी, साहेब असतील त्या ऑफिसच्या ग्रुपवर, सगळ्याच जॉबचं एकत्र, तुझेसुद्धा त्यात घालून: ‘रविवारी लागणारी जहाजं. अमुक जॉब माझ्याकडे, फाइल झाला. तमुक जॉब बंडूकडे, पार्टीचं ओके आलंय, फाइल व्हायचाय.’ रोज सकाळी पावणेदहाला हा मेसेज. कुणाला टोचून नाही, रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखा, कोरड्या आवाजात. आठवडाभराने साहेब स्वतःच विचारायला लागतील, तमुकचं काय झालं. तुझा आवाज वेगळा मोजायची सोय झाली की नाही?

साहेबांकडे जायची वेळ आलीच तर वही घेऊन जा आणि बंडूबद्दल तक्रार म्हणून जाऊ नकोस. गाववाला आहे, तू त्याच्याविरुद्ध बोललीस की साहेब वकील होतील. तू मागणी घेऊन जा, की “सर, जॉब नंबर पाडून द्या. सम माझे, विषम त्याचे, किंवा पार्ट्या वाटून द्या, ह्या माझ्या ह्या त्याच्या. रजिस्टरला एक रकाना वाढवूया, कुणी केलं त्याचा.” ह्याला नाही म्हणायला कुठल्याच साहेबाला कारण सापडत नाही, आणि लेट फी कुणामुळे बसली हे कळणं त्यांच्याही फायद्याचं आहे. वाढीचं बोलायचं तर तुझ्या वाढीचं बोल. ‘त्याला एवढी का’ हा प्रश्न विचारला की उत्तर गावाकडून येतं, ‘महिन्याला माझे एवढे जॉब आहेत, मला एवढी हवी’ म्हटलं की उत्तर वहीतून द्यावं लागतं.

हे सगळं करूनही काही हललं नाही तर? हलत नाही कधीकधी, काही ऑफिसं अशीच असतात, तिथे गाव जिंकतं. मग मात्र राजीनाम्याच्या आधी एक काम कर. तुझ्याकडे अजून एच कार्डच (परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याचं कस्टम्सचं ओळखपत्र) असेल तर कस्टम्सची जी कार्डची परीक्षा दे. बारावी झालेली चालते, पास झालीस की मालकाच्या परवानगीने बिल ऑफ एंट्रीवर सही करायचा अधिकार येतो. सहा वर्षं तू दोघांचे जॉब हाताळलेस, म्हणजे एचएस कोड, ते मालाच्या प्रकारांचे नंबर, तुला झोपेत येत असतील. त्या रात्री अकराच्या फायली बंडूच्या खात्यात गेल्या, पण हात तुझा बसलाय, आणि बेलापूर-वाशी-उरण पट्ट्यात तसल्या हाताला गिऱ्हाईक कमी नाही.

आणि सासूबाईंना सांग, देव बघतो खरं, पण त्याच्याकडे रजिस्टर नाही.

प्रश्न : मॅडम, तुमच्याकडे नेहमी आळशी लोकांबद्दल तक्रारी येतात. मी तो आळशी माणूस आहे. वय ५३, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला २६ वर्षं. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा अख्ख्या ऑफिसला मी शिकवला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पण धडपडून शिकलो. मागच्या वर्षी मालकांच्या मुलाने नवीन सॉफ्टवेअर आणलं, सगळं ऑनलाइन, इंग्रजीत, दर पंधरा दिवसांनी स्क्रीन बदलते. ट्रेनिंग दीड तास झालं, पोरं मान हलवत होती म्हणून मीपण हलवली. आता एक एंट्री मारायला मला वीस मिनिटं लागतात म्हणून मी ती पुढे ढकलतो, बँकेत जातो, फाइलिंग करतो, कुणाच्या तरी टेबलाशी गप्पा मारतो. दुपारी तीननंतर तर डोळेच मिटतात. जीएसटी रिटर्नची ११ तारीख जवळ आली की माझं काम त्या दोन मुली करतात आणि मी वॉशरूमला गेलो की हसतात, मला ऐकू येतं. शरम वाटते. ह्या वयात विचारू कुणाला?
— एक आळशी, ठाणे

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी मुद्दाम त्या ऐरोलीच्या मुलीच्या खाली छापलंय, तिने वाचावं म्हणून.

तुम्ही आळशी नाही आहात, तुम्ही लपताय. दीड तासात मान हलवली तिथेच घोळ झाला, आणि त्यानंतर रोज ती मान हलवल्याचं व्याज भरताय. मला विचाराल तर सगळ्यात दमवणारं काम हेच असतं, काम करत नसताना करतोय असं दाखवणं, बँकेत चार खेपा घालण्यापेक्षा एंट्री सोपी.

विचारायचं त्या दोघींनाच. हो, हसणाऱ्यांनाच. एकीला बाजूला घ्या, जी कमी हसते तिला, आणि म्हणा, “बेटा, मला ते सॉफ्टवेअर येत नाही, रोज वीस मिनिटं देशील का, बदल्यात जुन्या लेजरची आणि असेसमेंटची जी काही भानगड असेल ती माझ्याकडे दे.” तिच्या बाजूने बघा ना, तिला वाटतंय काका जाणूनबुजून टाळतायत आणि तिच्या डोक्यावर ११ तारखेचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, बसलाय, २० ला ३बी हे दुसरं रिटर्न आहेच, ती हसणार नाही तर काय करणार. येत नाही म्हटल्यावर निम्मं हसू तिथेच थांबतं. आणि शिकताना तुमच्या पद्धतीने शिका, एक वही करा, मराठीत लिहा, ‘डावीकडचं तिसरं बटण, मग निळी पट्टी, मग तारीख’. स्क्रीन बदलली की पान फाडून नवीन लिहायचं. मालकांच्या मुलालाही सांगून टाका एकदा, दुसरं ट्रेनिंग ठेव म्हणून, पैजेवर सांगते त्या मुलींनाही अर्धं कळलेलं नसणार.

राहिली दुपारची झोप. ती नुसत्या डब्यातल्या भाताची असेल तर भात कमी करा, पण घरी विचारा रात्री तुम्ही घोरता का, आणि घोरता घोरता मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्याने रात्रभर झोपूनही झोप होत नाही आणि माणूस दिवसा पेंगतो. साखर आणि थायरॉइड पण बघून घ्या एकदा. हे आज वाचून उद्यावर टाकू नका, तुमची तेवढी एक सवय लागलेली आहे.

प्रश्न : आमचं कोपरखैरणेला किराणा दुकान आहे. बायकोचा भाऊ गावाहून आणून दुकानात ठेवलाय, दीड वर्ष झालं. गल्ल्यावर बसून मोबाईल बघतो, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मान वर करत नाही, एपीएमसीला माल आणायला पाठवलं तर पहाटे पाचला उठत नाही. राहणं-जेवण आमच्याकडेच, त्यामुळे पगाराचा असा काही प्रश्न नाही. बोललो तर बायको अबोला धरते. काय करू?
— त्रासलेला दुकानदार

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि ‘पगाराचा असा काही प्रश्न नाही’ हे वाक्य चार वेळा. दीड वर्षं तो पोरगा सकाळी सात ते रात्री दहा तुमच्या दुकानात बसतोय आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात काय पडतं? मोबाईलचा रिचार्ज तुम्हीच मारता ना? मग तो तेवढाच बघतो.

बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला काय दिलं असतं तो आकडा काढा, राहण्या-जेवणाचे हवे तर वजा करा (बायकोला विचारून वजा करा, जेवण ती करते), आणि उरलेले पुढच्या एक तारखेला त्याच्या खात्यात टाका. कामाची वेळ ठरवा, आठवड्याची सुट्टी ठरवा. पहाटे एपीएमसीला गेला तर त्या खेपेचे वेगळे. दोन महिने द्या. त्यानंतरही तो पाचला उठला नाही तर मला परत लिहा, त्या वेळी मी तुमच्या बाजूने भांडेन, तुमच्या बायकोशी सुद्धा.